‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’चा नवा सीझन बघायला बसताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक अट सांगून टाकतो. इथे मेलेल्यांची नावं आहेत, मारणाऱ्यांची नाहीत. या मालिकेत सीझन संपता संपता पुढच्या सीझनचं प्रेत पडतं, त्यामुळे बळी कोण हे लपवून बोलणं अवघडच. ज्यांना पहिल्या बळीपलीकडे काहीच नको असेल त्यांनी पहिले तीन प्रश्न वाचून थांबावं आणि सरळ बघायला बसावं.

मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइड भागात ‘अर्कोनिया’ नावाची जुनी, भारदस्त इमारत आहे. तिथे तिघं राहतात. चार्ल्स-हेडन सॅव्हेज (स्टीव्ह मार्टिन) हा ‘ब्राझोस’ नावाच्या पोलिसी मालिकेत एकेकाळी गाजलेला आणि अजून त्याच पुण्याईवर जगणारा नट. ऑलिव्हर पुटनम (मार्टिन शॉर्ट) हा ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, सणकून आपटलेला दिग्दर्शक. खिशात दमडी नाही, पण रुबाब लाखाचा. आणि मेबल मोरा (सेलेना गोमेझ), नातेवाइकाच्या फ्लॅटचं काम काढून तिथे राहणारी, दोघांपेक्षा चाळीसेक वर्षांनी लहान आणि दोघांपेक्षा शहाणी.

तिघांची एकमेकांशी धड ओळखही नसते. एका संध्याकाळी इमारतीत आगीचा अलार्म वाजतो, सगळ्यांना बाहेर काढतात, आणि तेव्हा कळतं की तिघंही खऱ्या गुन्ह्यांवरचा एकच पॉडकास्ट वेड्यासारखा ऐकतात. परत येऊन बघतात तर टिम कोनो नावाचा रहिवासी मेलेला. पोलीस म्हणतात आत्महत्या. हे म्हणतात खून. मग स्वतःचा पॉडकास्ट निघतो, आणि त्यात फक्त याच इमारतीतले खून घ्यायचे असं ठरतं. मालिकेचं नाव तिथून आलं.

स्टीव्ह मार्टिन आणि जॉन हॉफमन यांनी ती निर्माण केली. पहिला सीझन ३१ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकेत हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर आला.

भारतात कुठे बघायची?

जिओहॉटस्टारवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये डिस्ने प्लस हॉटस्टार आणि जिओसिनेमा एकत्र झाले, त्यामुळे जुन्या हॉटस्टारच्या वॉचलिस्टमध्ये ठेवलेली मालिका आता या नावाखाली सापडते. अमेरिकेत ती हुलूची, तर ब्रिटनसारख्या इतर बऱ्याच देशांत डिस्ने प्लसवर.

पैसे भरण्याआधी प्लॅनमधल्या दोन ओळी नीट वाचा: टीव्हीवर चालेल का, आणि हॉलीवूडचा मजकूर त्यात धरला आहे का. मोबाइलपुरता प्लॅन घेऊन रात्री टीव्हीसमोर सगळे जमले आणि मग लॉगिन नाकारलं, हा पचका फार घरांत होतो. मोबाइल रिचार्जसोबत फुकट मिळालेलं सबस्क्रिप्शनही बहुधा मोबाइलपुरतंच असतं.

नवा भाग कोणत्या दिवशी, किती वाजता येतो?

अमेरिकेत मंगळवारी. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात आणि मग आपले साडेदहा होतात. आजवरचे पाचही सीझन मात्र त्याआधीच संपलेत. भारतातल्या अ‍ॅपवर भाग दिसायला थोडं पुढेमागे होतं. सकाळी दिसला नाही तर अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा, पण घाई करून भलत्या साइटवरून काही उतरवायला जाऊ नका. संध्याकाळपर्यंत आपोआप येतो.

सुरुवातीला किती भाग एकदम येतात ते दरवेळी बदलतं. पहिल्या सीझनला तीन, दुसऱ्या-तिसऱ्याला दोन-दोन, चौथ्याला एकच, पाचव्याला पुन्हा तीन. पाचवा सीझन ९ सप्टेंबर २०२५ ला तीन भागांनी सुरू झाला, नंतर दर मंगळवारी एक आणि २८ ऑक्टोबरला दहावा. प्रत्येक सीझन दहाच भागांचा, त्यामुळे पहिल्या दिवशी किती भाग आले हे कळलं की शेवटच्या भागाची तारीख कॅलेंडरवर बोट ठेवून काढता येते.

आधीचे सीझन न बघता थेट नवा बघितला तर चालेल का?

कळेल. रंगणार नाही.

दर सीझनचा खून वेगळा, आणि तो त्या सीझनमध्ये सुटतो. त्यामुळे गोष्ट समजायला अडचण नाही. पण या मालिकेत बळी आकाशातून पडत नाहीत. दुसऱ्या सीझनचा बळी बनी फोल्गर, चौथ्याची सॅझ पटाकी, पाचव्याचा लेस्टर, हे तिघंही पहिल्या सीझनपासून पडद्यावर आहेत. बनी म्हणजे सोसायटीच्या बोर्डाची खडूस अध्यक्षीण, सॅझ म्हणजे चार्ल्सच्या जागी उड्या मारणारी स्टंट डबल, आणि लेस्टर म्हणजे दारावरचा माणूस. तिघंही हसवण्यापुरते येऊन जाणारे वाटतात. आपणही त्यांना तेवढंच धरतो. मग एक दिवस तेच जमिनीवर पडलेले असतात आणि तेव्हा कळतं, आपण यांच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. थेट नव्या सीझनला बसलेल्याला हा धक्का बसत नाही. त्याच्यासाठी लेस्टर म्हणजे मेलेला दरवान, एवढंच.

पाच सीझन मिळून पन्नास भाग, एकेक साधारण अर्ध्या ते पाऊण तासाचा. सरासरी ३३ मिनिटं धरली तर साडेसत्तावीस तास. रोज दोन भाग बघितले तर पंचवीस दिवसांत सगळं संपतं.

एवढा वेळ नसेल तर हे बघा: पहिला सीझन अख्खा, त्यात काटछाट नको. मग दुसऱ्याचा पहिला आणि दहावा, तिसऱ्याचा पहिला आणि दहावा, चौथ्याचा पहिला आणि दहावा, पाचव्याचे पहिले दोन आणि दहावा. ते झाले एकोणीस, म्हणजे साडेदहा तास. यात दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सीझनचे खुनी मात्र तुम्हाला आयते कळतील आणि ते सीझन नंतर बघताना मजा निम्मी होईल. सौदा मान्य असेल तरच करा.

कोणत्या सीझनमध्ये काय झालं हे पटकन सांगाल का?

पहिल्यात टिम कोनो. कुणालाच न आवडणारा माणूस, त्यामुळे संशयित सगळी इमारत.

दुसऱ्यात बनी. या वेळी आपले तिघंच संशयाच्या घेऱ्यात आहेत, आणि बनीचा पोपट मिसेस गँबोलिनी ऑलिव्हरच्या गळ्यात पडलाय.

तिसऱ्यात बेन ग्लेनरॉय (पॉल रड), ऑलिव्हरच्या पुनरागमनाच्या नाटकाचा हिरो. तो दुसऱ्या सीझनच्या शेवटी रंगमंचावर कोसळतो. रंगमंच काही इमारतीत नाही, मग नावातला नियम कुठे गेला, हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर तिसऱ्याच्या पहिल्याच भागात आहे, म्हणून तो भाग टाळू नका. मेरिल स्ट्रीप याच सीझनपासून लॉरेटा डर्किन या आयुष्यभर संधीची वाट बघत बसलेल्या नटीच्या भूमिकेत आहे. आमच्या मते पन्नास भागांतली सगळ्यात हळवी भूमिका तीच.

चौथ्यात सॅझ. पॉडकास्टवर हॉलीवूडचा सिनेमा निघतोय, आणि तिघांच्या भूमिका करायला युजीन लेव्ही, झॅक गॅलिफिनाकिस आणि इव्हा लाँगोरिया स्वतःच्याच नावाने आलेत.

पाचव्यात लेस्टर (टेडी कोलुका), अंगणातल्या कारंज्यात सापडलेला. अपघात म्हणून फाइल बंद करायची तयारी आहे. एकीकडे जुन्या वळणाचे गुंड, दुसरीकडे अब्जाधीश, आणि दारावर लेस्टरच्या जागी यंत्रमानव. पाचव्याचा दुसरा भाग लेस्टरच्या दारावरच्या वर्षांवर आहे. तो कुणी ‘तपास पुढे सरकत नाही’ म्हणून पळवत बघितला तर सीझनच हुकला समजा.

सगळे भाग आल्यावर एकदम बघावे की दर आठवड्याला एक?

दर आठवड्याला. मालिका तशीच बांधलेली आहे: भागाच्या शेवटी एक नवा धागा सुटतो आणि मधल्या सात दिवसांत तो डोक्यात घोळावा अशी अपेक्षा असते. एकदम बघणाऱ्याचा तर्क करायचा वेळच हिरावला जातो, कारण पुढचा भाग दहा सेकंदांत सुरू होतो आणि तर्क चूक ठरतो की बरोबर हे लगेच कळतं. दहा भाग सलग बघितले की शेवटी खुनी कळल्यावर ‘अच्छा’ एवढंच तोंडातून निघतं.

सीझन संपल्यावरच सुरू करणार असाल तर निदान रोज दोनच भाग ठेवा, आणि सहाव्या भागानंतर एक दिवस थांबा. सहाव्यापर्यंत महत्त्वाचे सगळे चेहरे बहुधा येऊन गेलेले असतात.

खुनी आधी ओळखता येतो का? की शेवटी भलताच कुणी काढतात?

येतो, पण नेहमीची हत्यारं इथे चालत नाहीत. ‘मोठं नाव आहे म्हणजे हाच खुनी’ हा हिशेब इतर मालिकांत खपतो. इथे साधा शेजारी म्हणूनही नामवंत नट येतो. पहिल्या सीझनमध्ये गायक स्टिंग स्वतःच्याच नावाने इमारतीत राहतो आणि संशयितांच्या यादीत लागतो. नेथन लेनला डेलीवाल्या (तयार खाद्यपदार्थांचं दुकान चालवणाऱ्या) टेडी डिमासच्या भूमिकेसाठी २०२२ मध्ये पाहुण्या कलाकाराचा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. नावाचं वजन बघून काहीच ठरत नाही.

लेखक पुरावा विनोदात गुंडाळून देतात. आपण हसतो आणि पुढे जातो. उदाहरण खुनी न सांगता देता येतं: पहिल्या सीझनमध्ये हॉवर्ड या शेजाऱ्याची मांजर टिम कोनोच्याच रात्री मरते. हॉवर्डला तिचा निरोप घेववत नाही, म्हणून तो तिला चक्क फ्रीझरमध्ये ठेवतो. दृश्य इतकं विचित्र की माणूस हसतोच. पण ती मांजर तिथे फक्त हसवायला नाही. पुढे तपासात तिचं काम निघतं. म्हणून नियम असा: एखादा विनोद गरजेपेक्षा जास्त वेळ चालला, किंवा एकाच वस्तूवर दुसऱ्यांदा विनोद झाला, की ती वस्तू लिहून ठेवा.

वहीत तीन रकाने पुरतात. पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात कोण कुठे होतं याबद्दल त्याने स्वतः सांगितलेलं, तिसऱ्यात तेच दुसऱ्या कुणी सांगितलेलं. भाग संपल्यावर दोन मिनिटांत भरा, बघताना नाही; लिहायला मान खाली घातली की हमखास काहीतरी निसटतं. पाचव्या भागानंतर दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून वाचा. जिथे जुळत नाही तिथे बोट ठेवा.

अजून एक. बरेच भाग कुणाच्या तरी निवेदनाने सुरू होतात आणि निवेदक बदलत राहतो. कधी तिघांपैकी एक, कधी शेजारी, कधी बळी. निवेदन करणारा स्वतःबद्दल काय सांगत नाही तेही ऐका.

आणि तिघांच्या तर्कावर विसंबू नका. ते हुशार आहेत, पण पहिला संशयित त्यांचा जवळजवळ नेहमी चुकतो. सातव्या-आठव्या भागात सगळं सुटल्यासारखं वाटलं तर घड्याळ बघा: अजून दीड तास शिल्लक आहे.

‘स्किप इंट्रो’ दाबलं तर काय बिघडतं?

बरंच. सुरुवातीच्या चित्रमय शीर्षकात अर्कोनियाचा दर्शनी भाग आणि खिडक्या दिसतात, आणि त्या चित्रात भागागणिक छोटासा बदल केलेला असतो. कधी एखादी वस्तू, कधी आकृती, बहुतेक वेळा त्याच भागातल्या एखाद्या धाग्याशी जोडलेली. बटण दाबलं की ते गेलं.

संगीतही ऐकण्यासारखं आहे. सिद्धार्थ खोसला या भारतीय वंशाच्या अमेरिकन संगीतकाराचं.

तसंच दुसऱ्या टोकाला: सेटिंगमधला ऑटोप्ले बंद करा. चालू असला तर नावं सुरू होताच चित्र कोपऱ्यात आकसतं आणि पुढच्या भागाची जाहिरात येते. शेवटचं दृश्य अंगात भिनायच्या आत पुढच्याचा फोटो डोळ्यांसमोर, आणि त्या फोटोत अजून जिवंत कोण हेही दिसून जातं. बंद करण्याची सोय अ‍ॅपच्या प्रोफाइल किंवा सेटिंगमध्ये असते. टीव्हीवर सापडली नाही तर मोबाइलवर बघा.

इंग्रजी येतं, तरी संवाद निसटतात. काय करावं?

इंग्रजी सबटायटल्स लावा आणि लाज बाळगू नका. ऑलिव्हर एका श्वासात तीन टोमणे मारतो, त्यातला एक ब्रॉडवेवरच्या कुठल्या तरी जुन्या नाटकाबद्दल असतो, आणि तेवढ्यात चार्ल्स तोंडातल्या तोंडात उत्तर देतो. मेबल तर मुद्दाम सपाट आवाजात बोलते; तिचा विनोद शब्दांत असतो, सुरात नाही. मार्टिन आणि शॉर्ट १९८६ च्या ‘थ्री अमिगोज’पासून एकत्र काम करताहेत, एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकायची त्यांना सवयच झाली आहे.

सबटायटल्सची अडचण एकच: विनोद कानावर पडायच्या आधी डोळ्यांना दिसतो. त्याला इलाज म्हणजे अक्षरांचा आकार लहान करणे. मग नजर आपोआप चेहऱ्यावर राहते आणि अडलं तरच खाली जाते. न कळलेला टोमणा दहा सेकंद मागे नेऊन एकदा ऐका. दुसऱ्यांदाही कळला नाही तर सोडा, तो बहुधा न्यूयॉर्ककरांसाठी होता.

पहिल्या सीझनचा सातवा भाग बघताना आवाजच येत नाही. टीव्ही बिघडला का?

नाही. ‘द बॉय फ्रॉम ६बी’ हा भाग थिओ डिमास या कर्णबधिर तरुणाच्या नजरेतून आहे. जवळजवळ सगळा भाग बोललेल्या संवादांविना जातो. थिओच्या बाजूने बघतो तेव्हा जग दबक्या आवाजात येतं. थिओ आणि त्याचे वडील खुणांच्या भाषेत बोलतात. थिओ साकारणारा जेम्स कॅव्हर्ली स्वतः कर्णबधिर आहे.

या भागासाठी सबटायटल्स लावाच आणि पंखा, मिक्सर, गप्पा बंद करा. कुकरच्या शिट्ट्या मोजत बघायचा हा भाग नाही. नजर हलली की अर्धं पान फाटल्यासारखं होतं. पूर्ण मालिकेतला एकच भाग बघा म्हटलं तर हाच सांगू.

अर्कोनिया खरी इमारत आहे का?

नाव काल्पनिक, दर्शनी भाग खरा. बाहेरून दिसते ती बेलनॉर्ड, वेस्ट ८६ व्या रस्त्यावरची, १९०८-०९ मध्ये बांधलेली. तिने ब्रॉडवे हा रस्ता आणि अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूमधला अख्खा चौकोन व्यापलाय आणि मध्ये मोठं अंगण आहे. १९६६ पासून ती न्यूयॉर्क शहराची संरक्षित वास्तू आहे. फ्लॅटच्या आतला भाग मात्र सेटवरचा.

न्यूयॉर्कला गेलात तर रस्त्यावरून कमान बघता येते. आत लोक राहतात, दरवान आत सोडत नाही, आणि सोडावं अशी अपेक्षाही करू नये.

त्यांचं ‘बोर्ड’ म्हणजे आपली सोसायटी कमिटीच ना?

बरीचशी. म्हणून तर मराठी माणसाला ही मालिका लगेच ओळखीची वाटते: थकलेला मेंटेनन्स, लिफ्टमध्ये टोमणे, कुणाचा कुत्रा, कुणाची मांजर, आणि मीटिंगमध्ये मयताच्या दुःखापेक्षा नियमांची चर्चा लांबलेली. ऑलिव्हरची थकबाकी आणि बनीची धमकी हा पहिल्या सीझनचा एक मोठा धागा आहे.

फरक एका ठिकाणी आहे आणि तो माहीत असेल तर काही दृश्यं जास्त कळतात. न्यूयॉर्कच्या को-ऑप इमारतीत तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही, इमारतीच्या कंपनीचे शेअर घेता आणि त्याबदल्यात राहायचा हक्क मिळतो. नव्या माणसाला घ्यायचं की नाही हे बोर्ड ठरवतं, आणि नाही म्हणायचं कारण सांगायला ते सहसा बांधील नसतं. आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पुरेसं कारण असल्याशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. म्हणजे बनीच्या हातात आपल्या चेअरमनपेक्षा जास्त सत्ता आहे. लोक तिला का घाबरतात ते यावरून कळेल.

ब्रॉडवे, सिनेमे यातलं काही माहीत नसेल तर अडतं का?

तिसऱ्या सीझनला थोडं. ऑलिव्हरचं नाटक आधी गंभीर रहस्यनाट्य असतं, मग तो त्याचं संगीत नाटक करून टाकतो. कथा काय, तर दीपगृहात आईचा खून झालाय आणि संशयित आहेत पाळण्यातली तीन तिळी बाळं. चार्ल्सला पोलिसाच्या भूमिकेत ही तीन बाळं एकेक करून तपासायची आहेत, आणि तेही जीभ अडखळेल इतक्या वेगाने गाऊन. त्याला ते गाणं जमत नाही आणि ताण आला की डोक्यात पांढरी खोली उभी राहते. पदं पाठ न झालेला नट आणि विंगेत घाम पुसणारा दिग्दर्शक ज्यांनी कुठल्याही हौशी स्पर्धेत बघितलाय त्यांना वेगळं काही समजवायला नको. त्या गाण्याला २०२४ मध्ये एमी मिळाला.

चौथ्या सीझनमध्ये बहुतेक भागांची नावं सिनेमांवरून आहेत: ‘ब्लो-अप’, ‘अ‍ॅडॉप्टेशन’, ‘लाइफबोट’ वगैरे. ते सिनेमे बघितलेले नसले तरी अडत नाही. बघितलेले असले तर भागाचं नाव हीच एक खूण असते.

आईबाबांसोबत किंवा मुलांसोबत बघता येईल का?

अमेरिकेत मालिकेला टीव्ही-एमए, म्हणजे प्रौढांसाठी असं वर्गीकरण आहे. मारहाण आणि रक्त फार नाही. प्रेत दिसतं, रक्ताचं थारोळं कधीमधी दिसतं, पण कॅमेरा तिथे रेंगाळत नाही. अडचण आहे ती भाषेची. शिव्या भरपूर, चावट विनोद अधूनमधून, आणि सगळ्यात जास्त शिव्या ऑलिव्हर आणि पोलीस अधिकारी विल्यम्स यांच्या तोंडी. सबटायटल्स लावली की त्या शिव्या छापील होऊन समोर येतात, हे घरच्यांसोबत बसण्याआधी ध्यानात घ्या.

दहावीच्या पुढच्या मुलांना हरकत नाही असं आमचं मत. आजी-आजोबांना दोघा म्हाताऱ्यांची कुरबुर बहुतेक मुलांपेक्षा जास्त आवडते.

एका भागाला डेटा किती लागतो?

३५ मिनिटांचा भाग धरा. एचडीला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट लागले तर सुमारे १.३ जीबी. कमी दर्जावर, सेकंदाला १ मेगाबिट धरली तर २६० एमबीच्या आसपास. म्हणजे दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर एचडीत एकच भाग. दुसरा सुरू केलात तर खुनाच्या ऐन दृश्यात चाक गरगरत बसेल.

लोकल किंवा एसटीत बघायचा असेल तर घरच्या वायफायवर आदल्या रात्री उतरवून ठेवा. दर्जा ‘मध्यम’ ठेवला तर सहा इंची पडद्यावर फरक जाणवत नाही. उतरवलेले भाग काही दिवसांनी आपोआप निकामी होतात, त्यामुळे अख्खा सीझन साठवून ठेवून दिवाळीत बघू म्हणाल तर निघण्याआधी एकदा उघडून बघा.

स्पॉयलरपासून कसं वाचायचं?

धोका मंगळवारी सकाळपासून सुरू होतो. कॅलिफोर्नियातल्या भावाकडे तेव्हा सोमवारची रात्र असते, तो जेवून निवांत बघतो आणि तुम्ही ऑफिसला पोचायच्या आत ग्रुपवर लिहून मोकळा होतो. कुटुंबाच्या ग्रुपवर एक साधा नियम करा: बुधवारी रात्री दहापर्यंत फक्त भागाचा आकडा आणि अंगठा टाकायचा, नाव कुणाचंच नाही. ‘अरे तो असं करेल वाटलं नव्हतं’ हेही चालणार नाही, कारण ‘तो’ म्हटलं की निम्मे संशयित सुटले.

यूट्यूबवर शोधू नका. मालिकेचं नाव अर्धं टाइप केलं की खाली ‘कोणी मारलं’ अशा सूचना येतात आणि व्हिडिओच्या चित्रावर खुन्याच्या चेहऱ्याभोवती लाल गोल असतो. नटाचं नाव आठवत नसेल तर गुगलवरही जाऊ नका, कारण कलाकारांच्या यादीत कोण किती भागांत आहे ते लिहिलेलं असतं आणि त्यावरून बरंच कळतं. शेवटच्या नावांमध्ये थांबून वाचा.

पुढचा सीझन कधी?

सहावा सीझन येणार हे पाचव्याच्या शेवटच्या भागाच्या दिवशीच, २८ ऑक्टोबर २०२५ ला, जाहीर झालं. या वेळी कथा लंडनला जाणार आहे. मग ‘याच इमारतीतले खून’ या नियमाचं काय होणार, याचा अंदाज बांधायचा असेल तर पाचव्याची शेवटची पाच मिनिटं पुन्हा बघा. प्रेत नेमकं कुठे पडतं त्या जागेकडे लक्ष द्या.

तोवर याच चवीचं काय बघावं?

अ‍ॅपल टीव्हीवर ‘द आफ्टरपार्टी’: एकाच रात्रीची हकिगत दर भागात वेगळा संशयित सांगतो आणि प्रत्येकाची हकिगत वेगळ्या प्रकारच्या सिनेमासारखी चित्रित केली आहे. दोन सीझन, पुढे नाही. नेटफ्लिक्सवर ‘द रेसिडेन्स’: व्हाइट हाऊसमध्ये खून आणि पक्षीनिरीक्षण करणारी गुप्तहेर. एकच सीझन. ‘पोकर फेस’मध्ये खुनी सुरुवातीलाच दिसतो, प्रश्न फक्त तो पकडला कसा जाणार एवढाच, त्यामुळे आपल्या तीन रकान्यांच्या वहीला तिथे काम नाही.

तिघांचा पॉडकास्ट खरंच ऐकता येतो का?

मालिकेतला नाही, तो कथेपुरताच आहे. मालिकेच्या नावाचा एक अधिकृत सोबती पॉडकास्ट मात्र आहे. त्यात कलाकार आणि लेखक त्या-त्या भागाबद्दल बोलतात, कोणती वस्तू का ठेवली तेही सांगतात. हा पॉडकास्ट मालिकेचा भाग बघून, वही भरून झाल्यावरच लावा. बसमध्ये कानात घालून, अजून न बघितलेल्या भागाचा आकडा चुकून दाबला जाणं हा या मालिकेतला सर्वात स्वस्त स्पॉयलर आहे.